ड्राय झालं म्हणजे नेमकं काय झालं?

एप्रिल-मे महिन्यात पनवेलमध्ये ही चार वाक्यं एका दिवसात कानावर पडू शकतात. 'टाकी ड्राय झालीय, टँकर सांगितलाय.' 'एसीत बसून स्किन पार ड्राय झालीय.' 'कपडे ड्राय झाले असतील तर आत घे.' 'देहरंग ड्राय झालं ना, मग पाणी कुठून येणार?' घटना चार आहेत, शब्द मात्र एकच.

यात बिघडलं काय? समोरच्याला कळतं ना? हो, कळतं. मी दिवसाचे नऊ-दहा तास इंग्रजीत कोड लिहितो, इंग्रजीत मेल लिहितो आणि मित्रांशी बोलताना वाक्यात निम्मे शब्द इंग्रजी असतात. त्यामुळे 'मराठीत इंग्रजी घुसली हो' म्हणून गळा काढणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही. टेबल, पेन, मोबाइल, टँकर हे शब्द आता आपलेच आहेत. टँकर तर इतका आपला आहे की त्याच्याशिवाय आपला उन्हाळा पूर्ण होत नाही.

माझं भांडण वेगळं आहे. 'ड्राय' हा शब्द परका आहे म्हणून मला खुपत नाही, तो आळशी आहे म्हणून खुपतो. पाणी गेलं, एवढंच तो सांगतो. ते कशातून गेलं, कुठे गेलं, मागे काय उरलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणी नेलं, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तो देत नाही. हे प्रश्न कपड्यांच्या बाबतीत नाही विचारले तरी चालतात. धरणाच्या बाबतीत नाही विचारले तर आपलं नुकसान होतं.

आधी इंग्रजीला न्याय देऊ. इंग्रजी माणूस नुसतं 'ड्राय' म्हणून थांबत नाही. नदी किंवा पैशाचा ओघ थांबला की तो 'ड्राय अप' म्हणतो. माती किंवा त्वचेतली हवी असलेली ओल गेली की 'ड्राय आउट'. पावसात भिजून आलेला माणूस अंग पुसतो तेव्हा 'ड्राय ऑफ'. दारू सोडायला दवाखान्यात गेलेल्यासाठीही 'ड्राय आउट'च वापरतात, आणि रंगमंचावर संवाद विसरलेला नट 'ड्राय अप' होतो. म्हणजे फरक दाखवायचं काम तिथे अप, आउट, ऑफ ही शेपटं करतात. आपण इंग्रजीतून उचलताना शेपूट तिथेच सोडलं आणि धड घेऊन आलो. त्याला 'झालं' आणि 'केलं' जोडलं की काम झालं. मराठीचा बारकावा गेला, इंग्रजीचाही गेला. दोन भाषा येतात म्हणणाऱ्या पिढीच्या तोंडी दोन्ही भाषांतला सगळ्यात बोथट शब्द उरला.

आता मराठी काय करते ते पाहा. मराठी शेपूट लावत नाही, क्रियापदच बदलते.

आटणे हे पातळ पदार्थाचं क्रियापद आहे. पाणी आटतं, दूध आटतं, म्हशीचं दूध कमी झालं तर म्हैस आटली म्हणतात. विहीर आटते म्हणजे विहिरीतलं पाणी आटतं, दगड-विटा तिथेच असतात. आटण्यात हळूहळू कमी होणं आहे. म्हणूनच माया आटते, डोळ्यांतलं पाणी आटतं. कष्टाने काही उभं करणारा रक्त आटवतो.

वाळणे हे घन वस्तूचं. गवत, लाकूड, मिरच्या, पापड, शाई, भिंतीचा रंग. वस्तू राहते, तिच्यातली ओल जाते. म्हणून खूप बारीक झालेला माणूस वाळतो, तो आटत नाही.

सुकणे वाळण्याच्या शेजारी राहतं, पण त्याचा जीव सजीवांत जास्त रमतो. फूल सुकतं, चेहरा सुकतो, जखम सुकते. जखम सुकणं म्हणजे बरं होणं, फूल सुकणं म्हणजे मरणं. एकाच क्रियापदात दोन्ही, आणि कोणालाही गोंधळ होत नाही.

कोरडं पडणं ही शेवटची अवस्था. आटण्याची वाट संपते तिथे कोरडं पडणं येतं. आणि घशाला कोरड पडते तेव्हा पाणी कमी असण्यापेक्षा भीती जास्त असते.

यांच्या आजूबाजूला आणखी मोठं कुटुंब आहे. भाजी धुऊन चाळणीत ठेवली की पाणी निथळतं. पूर आला की तो ओसरतो. पावसाचं पाणी मातीत मुरतं किंवा जिरतं. खीर चुलीवर ठेवली की आळते. सांडलेली शाई आपण टिपतो, ओटा पुसतो, धुतलेली चादर पिळतो. उलट दिशेचाही शब्द आहे: पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पापड सादळतात.

पिळण्यावरून आठवलं. वॉशिंग मशिनवर 'ड्रायर' म्हणून जे असतं, ते बहुतेक घरांत कपडे वाळवत नाही. ते गरगर फिरवून पिळतं. म्हणून 'ड्राय' झालेले कपडे आपण पुन्हा दोरीवर टाकतो आणि त्यात काही विनोदी आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. शब्द चुकीचा असला तरी जग चालतं, याचा हा पुरावा आहे. पण चुकीचा शब्द रोज वापरला की यंत्र नेमकं काय करतं हे विचारायची सवय मोडते, याचाही.

इथे शुद्ध मराठीवाले खूश होऊन टाळ्या वाजवायच्या आधी त्यांच्याशीही बोलायचंय. मी इंजिनिअरिंगला होस्टेलवर होतो तेव्हा 'कपडे सुकत घातलेत' म्हणालो की खोलीत हसू फुटायचं. 'सुकत नाही रे, वाळत!' मग पनवेलची मराठी, मुंबईची मराठी, आगरी मराठी यांची नक्कल व्हायची. त्यांच्या मते वाळणे हा सभ्य शब्द आणि सुकणे हा खाडीकडचा.

तर ऐका. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत वाळणे आहे, तसंच सुकणेही आहे. सुका मेवा, सुकी भाजी, सुकं खोबरं तुम्हीही म्हणता. घंटागाडीवर राज्यभर 'ओला कचरा, सुका कचरा' असंच लिहिलेलं असतं. 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' ही म्हण कोणत्या एका जिल्ह्याची नाही. उरण, अलिबागच्या किनाऱ्यावर बोंबील, सोडे, जवळा उन्हात टाकणारी बाई 'सुकवते', आणि त्यातून जे तयार होतं ते सुकट. तिच्या पोटापाण्याचा शब्द तुम्हाला गावंढळ वाटत असेल, तर तो तुमच्या कानाचा दोष आहे. भाषेचा बारकावा वाचवायचा म्हणून बोलींना हाकलायचं, हा धंदा मला मान्य नाही. बारकावा तर तिथेच शिल्लक आहे, कारण तिथे अजून त्या शब्दांनी काम होतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्या पायाखाली आहे. पनवेल, उरण, पेणच्या खाड्यांच्या काठाने मिठागरं होती, काही अजून आहेत. 'आगरी' हे नाव आगरावरून आलं असं सांगतात. भरतीचं पाणी बांध घातलेल्या जागेत घ्यायचं, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत न्यायचं, ऊन आणि वाऱ्याने ते घट्ट होत जातं आणि शेवटी तळाशी खडे धरतात. आता या कामाची मराठी बघा. पाणी आटतं, आणि मीठ पिकतं. मिठाची शेती म्हणतात, मीठ पिकवतात म्हणतात. एका बाजूला कमी होणं, दुसऱ्या बाजूला पीक येणं, आणि दोन्ही एकाच उन्हात. 'सॉल्ट पॅन ड्राय झालं' या वाक्यात ना पाणी आहे, ना मीठ, ना बांधावर उभा असलेला माणूस.

माझ्या धंद्यातला एक दाखला देतो, म्हणजे हे नुसतं हळवेपण वाटणार नाही. आम्हा प्रोग्रॅमर लोकांचा एक मंत्र आहे आणि गंमत म्हणजे त्याचं नावच 'ड्राय'. 'डोन्ट रिपीट युअरसेल्फ' या शब्दांची ती आद्याक्षरं. १९९९ साली आलेल्या अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकातून तो पसरला. एकच गोष्ट कोडमध्ये दोनदा लिहू नका, असा त्याचा ढोबळ अर्थ. नवखा प्रोग्रॅमर हा मंत्र शिकला की त्याला सगळीकडे पुनरावृत्ती दिसू लागते. मोबाइल नंबर दहा आकडी आहे का हे तपासणारा एक तुकडा असतो, ऑर्डर नंबर दहा आकडी आहे का हे तपासणारा दुसरा. दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून तो त्यांचा एकच करून टाकतो. पुढच्या वर्षी ऑर्डर नंबर बारा आकडी होतो, कोणीतरी तो तुकडा बदलतो, आणि त्या दिवशी एकाही ग्राहकाचा मोबाइल नंबर स्वीकारला जात नाही. अनुभवी माणूस तेव्हा सांगतो: सारखं दिसणं आणि सारखं असणं यात फरक आहे. ज्या गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी बदलतात, त्या वेगळ्या ठेवाव्यात.

आटणे, वाळणे, सुकणे, मुरणे हे समानार्थी शब्द नाहीत. शाळेत समानार्थी शब्दांच्या यादीत एका ओळीत घोकून आपल्याला तसं वाटतं. त्यांची कारणं वेगळी आहेत, परिणाम वेगळे आहेत, आणि उपायही वेगळे आहेत. पाणी उन्हाने आटलं तर सावली करा. जमिनीत मुरलं तर ते कुठेतरी विहिरीला लागेल. उपसलं असेल तर उपसणाऱ्याला शोधा. तिघांना 'ड्राय' म्हटलं की उपायाची पाटी कोरी.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मराठी क्रियापदांना एक सोय आहे जिच्याकडे आपलं लक्षच नसतं. आटणे आणि आटवणे. वाळणे आणि वाळवणे. सुकणे आणि सुकवणे. जिरणे आणि जिरवणे. पहिल्या रूपात गोष्ट आपोआप होते, दुसऱ्या रूपात ती कोणीतरी करतं. मधे एक 'व' येतो आणि त्याच्यासोबत एक माणूस वाक्यात शिरतो. दूध आटलं म्हटलं तर कदाचित आपण गॅसवर विसरलो. दूध आटवलं म्हटलं तर बासुंदी. पाणलोटाच्या कामाची घोषणाही बघा: 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. पाणी अडेल, पाणी जिरेल, अशी वाट बघत बसलेली ती घोषणा नाही. तिला करणारा हवा आहे.

पण पाणी गेल्याची बातमी येते तेव्हा तो 'व' गायब होतो. 'धरण आटलं.' 'तलाव कोरडा पडला.' 'भूजल पातळी खालावली.' 'नदी मृत झाली.' सगळी कर्त्याविनाची वाक्यं. जणू धरणाला वैताग आला आणि ते आटलं.

देहरंगचं घ्या. माथेरानच्या डोंगरातून निघणाऱ्या गाढी नदीवरचं हे धरण पनवेल महापालिकेच्या मालकीचं आहे. आपल्याकडे पाऊस वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पडतो. लातूरला पडतो ८०० च्या आसपास. तरी दर उन्हाळ्यात देहरंगचा तळ दिसतो, पाणी जीवन प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून घ्यावं लागतं, आणि टँकर फिरतात. 'देहरंग आटलं' हे वाक्य खोटं नाही, ऊन असतंच. पण धरणात वर्षानुवर्षं गाळ साचला, साठवण कमी झाली, शहर मात्र वाढत राहिलं. १ ऑक्टोबर २०१६ ला नगरपालिकेची महापालिका झाली, आजूबाजूची गावं शहरात आली, टॉवर उभे राहिले. धरण तेवढंच राहिलं, खरं तर आतून लहान होत गेलं. मग 'आटलं' म्हणायचं, 'गाळाने भरलं' म्हणायचं, की 'पुरं पडेनासं झालं' म्हणायचं? पहिल्या वाक्यावर आपण आभाळाकडे बघतो. दुसऱ्यावर गाळ का काढला नाही हे विचारतो. तिसऱ्यावर, पाणी नसताना एवढ्या इमारतींना परवानग्या कशा मिळाल्या, हे विचारतो. तीन क्रियापदं, तीन वेगळे जबाबदार.

खाडीकडे वळू. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. १,१६० हेक्टरच्या या प्रकल्पासाठी उलव्याची टेकडी फोडली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, भरती-ओहोटीच्या जमिनीवर भराव टाकला, १० गावं उठवली. विमानतळ हवा की नको हा वाद मी इथे घालत नाही. मीही त्याच विमानतळावरून उडेन. माझं म्हणणं एवढंच आहे की ही चार क्रियापदं तशीच राहू द्या: फोडली, वळवला, टाकला, उठवली. उद्या कोणी म्हणालं की इथली दलदल 'सुकली' होती, खाजण 'कोरडं पडलं' होतं, गावं 'हलली' होती, तर मान डोलावू नका. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा दिला, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. ती जमीन आपोआप गेली नव्हती. ती घेतली होती. 'गेली' आणि 'घेतली' यातला फरक ज्यांना कळला, त्यांनीच साडेबारा टक्के विकसित भूखंड मागितले आणि मिळवले.

'शब्दांनी काय होतं? शब्द बदलून पाणी येणार आहे का?' हा आक्षेप मला पाठ आहे. त्याला २०१६ चं उत्तर देतो. त्या वर्षी मांजरा धरणाने तळ गाठला आणि लातूर शहराला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर, अंतर ३०० किलोमीटरहून जास्त. बारा महिने पाणी पिणारा ऊस आणि शेकडो फूट खोल गेलेल्या बोअरवेल याच भागातल्या. तरी रोजच्या बोलण्यात वाक्य एकच, मांजरा आटलं. त्याच वेळी सरकारी कागदावर मराठवाड्यातली गावं 'दुष्काळसदृश' होती. म्हणजे दुष्काळासारखं दिसतंय, पण दुष्काळ म्हणवत नाही. मुंबई उच्च न्यायालयात याचिका सुरू होत्या, सरकारला विचारणा झाली, आणि मे २०१६ मध्ये सरकारला सांगावं लागलं की २९ हजारांहून जास्त गावांच्या बाबतीत 'दुष्काळसदृश' असेल तिथे 'दुष्काळ' असं वाचावं. एका शब्दाचं शेपूट कापायला न्यायालय लागलं. कारण दुष्काळ म्हटलं की वसुली, वीजबिल, परीक्षा शुल्क, रोजगाराची कामं या सगळ्यांबाबत सरकारवर जबाबदारी येते. 'सदृश' म्हटलं की सहानुभूती दाखवून भागतं, तीही कोरडी.

शब्दाने पाणी येत नाही, हे खरं. पण टँकर कोणाच्या दारात उभा राहणार आणि त्याचं बिल कोण भरणार, हे कागदावरचा शब्द ठरवतो. ज्यांना हे माहीत आहे ते शब्द फार जपून वापरतात. बेफिकीर आपणच असतो.

आणखी एक आक्षेप समवयस्कांचा: 'भाई, रील बनवताना एवढा विचार कोण करतं?' बरोबर. पण आपल्या पिढीइतकं लिहिणारी पिढी मराठीत आधी झाली नसेल. आपण दिवसभर लिहितो. सोसायटीच्या ग्रुपवर, महापालिकेला टॅग करून, फोटोखालच्या ओळीत. आपल्या तक्रारीच मुळात कर्त्याविना असतील, तर उत्तरंही कर्त्याविनाच येणार. 'पाणी आलं नाही' असं लिहिलं की उत्तर येतं, 'तांत्रिक कारणामुळे पुरवठा खंडित झाला आहे.' 'पाणी का सोडलं नाही' असं लिहून बघा. कोणी सोडलं नाही, हे मग त्यांना सांगावं लागतं, किंवा निदान लपवावं लागतं. दोन्ही चालेल. लपवताना माणूस दिसतो.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. स्किनला ड्राय म्हणा, केसांना म्हणा, दारूबंदीच्या दिवसाला तर म्हणाच. कपडे वाळू द्या किंवा सुकू द्या, जसं तुमच्या घरी म्हणतात तसं. पण विहीर, तलाव, नदी, खाडी, धरण यांच्याबद्दल बोलताना 'ड्राय झालं' म्हणून पुढे सरकू नका, आणि 'आटलं' म्हणूनही लगेच थांबू नका. आटलं की आटवलं? ओसरलं की उपसलं? सुकलं की बुजवलं? गाळ साचला की साचू दिला? आपल्या भाषेने हे प्रश्न विचारायची सोय क्रियापदातच करून ठेवली आहे, वेगळं ॲप डाउनलोड करावं लागत नाही.

आणि एवढं विचारूनही उत्तर आलं नाही, तर त्यासाठीही मराठीत एक जुनी ओळखीची शंका तयार आहे. काहीतरी लपवलं जातंय असं वाटलं की आपण म्हणतो, कुठेतरी पाणी मुरतंय. पनवेलमध्ये ती फक्त म्हण म्हणून वापरायची गरज नाही. कुठे मुरतंय, ते पत्त्यासकट विचारा.